दहा कोटी एक

४ एप्रिल, सकाळ
काल टीव्ही फुटला. म्हणजे मीच फोडला, पण सुरुवात टीव्हीने केली. बायको बॅग उचलून भावाकडे गेली. मेव्हणा गणिताचा मास्तर. त्याने फोनवर अट घातली: राग आला की हात आवरायचा आणि एका संख्येला भागत बसायचं. १०,००,००,००१. तिला पूर्ण भागणारी संख्या सापडली की फोन करायचा, बायको लगेच परत. एक आणि ती स्वतः चालणार नाही. (विचारून बघितलं.)

मी डेंटिंगवाला. जन्मभर चेपलेल्या गाड्या सरळ केल्या. संख्येचं काय एवढं. आजपासून राग बंद.

४ एप्रिल, संध्याकाळ
दोन, तीन, पाच, सात, अकरा. नाही. तेराला डोकं फिरलं. कॅल्क्युलेटर भिंतीवर. पण दणकट निघाला, चालतोय. फक्त सातचं बटण उडालं. सात असलेल्या संख्या नंतर बघू. अशा असतात किती. एकोणीस: नाही.

७ एप्रिल
गॅरेजमधल्या पेंटरने विचारलं, वहिनी कधी येणार. त्याच्या डोक्यावर बॉनेट पडलं. रागाने नाही. बॉनेटचा दांडा निसटला, इतकंच. दांडा माझ्या हातात होता. पेंटरचा दात हलतोय. शेठने मला घरी पाठवलं. बरंच झालं, भागाकाराला वेळ मिळाला.

१२ एप्रिल
पाचशेच्या पुढे. ताटं संपली. शेजारी आवाजाची तक्रार घेऊन आले. आता त्यांचा पत्र्याचा दरवाजा चेपलाय. पोचा फुकट काढून देतो म्हटलं तर आभार नाहीत. राग पुष्कळ कमी आहे.

१९ एप्रिल
दोन हजार ओलांडले. कशानेच भाग जात नाही. शुद्ध फसवणूक. मास्तराने मुद्दाम मूळ संख्या गळ्यात मारली. उद्या शांतपणे जाब विचारणार. हातोडा कामाचा आहे, सोबत असतोच.

२० एप्रिल
मास्तराच्या दाराची कडी तोडली. दार उघडंच होतं, हे नंतर कळलं. त्याला कॉलर धरून भिंतीवर आपटला. चष्मा फुटला, भुवईतून रक्त. कशाने भाग जातो सांग, म्हणालो. खाली बसत तो म्हणाला, सतराने.

बायकोने माझा कॅल्क्युलेटर मागितला. संख्या दाबली, भागिले, एक. मग तिचं बोट भोकात गेलं. बटण आपोआप उडालं, मी सांगितलं. तिने कॅल्क्युलेटर परत माझ्या हातात ठेवला.

बोलला तो मास्तरच. म्हणे संख्या सोपीच निवडली होती, दहा मिनिटांची. पहिल्या संध्याकाळी ही चपला घालून, बॅग मांडीवर घेऊन फोनपाशी बसली होती. जेवायलासुद्धा उठली नाही.

बॅग आज कपाटावर होती. रिकामी. सतरा सापडलं, आता चल, म्हणालो. ती म्हणाली, तुम्ही जा, मला दादाला टाके घालायला न्यायचंय.

२० एप्रिल, घरी
प्रचंड राग आलाय. पण काही फोडलं नाही. फोडण्यासारखं घरात काही उरलेलं नाही.