राजूरचे गुलाब, कोल्हारचा माळी

कोल्हार,
बुधवार, दुपार

तीर्थस्वरूप मालनआक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो, आणि तू पत्र पुरतं वाचेपर्यंत ते काही उचलत नाही. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला बसला का? आम्ही दोघं बरे आहोत. खरं तर फोनच करणार होतो, पण हल्ली तुला ओरडून सांगावं लागतं, आणि ही गोष्ट ओरडलो असतो तर राजूरच्या आधी आमच्या गल्लीला कळली असती.

तुला ठाऊक आहे, मी एस.टी.तून निवृत्त झालो. तीस वर्षं स्टँडच्या खिडकीत बसलो तेव्हा दिवसाकाठी दोनशे माणसं विचारायची, "साहेब, गाडी कधी येणार?" (ते मलाही माहीत नसायचं, पण विचारायची.) आता घरात रंगूसुद्धा काही विचारत नाही, सांगते. अशात मोबाईलवर 'आपली परसबाग' नावाच्या ग्रुपात शिरलो. शंभरावर माणसं, सगळी झाडांची वेडी. रोज कुणी ना कुणी फुलाचा फोटो टाकायचं. आमच्या परसात काय आहे ते तू पाहिलंच आहेस. धुण्याचा दगड, चार पानं अळू आणि कढीपत्त्याची एक काडी, जी जिवंत आहे की नाही यावर आम्हा नवराबायकोचं एकमत नाही. मग दिवाळीत तुझ्याकडं आलो होतो तेव्हा काढलेले तुझ्या गुलाबांचे फोटो मी टाकले. खाली लिहिलं, 'आमची बाग.' आता बहिणीचं ते आपलंच, अशी माझी भावना होती.

पण आक्का, लोक मला विचारू लागले. पुणतांब्याचे सहादेवराव विचारायचे, पानांवर काळे ठिपके पडलेत, काय करू? मी तुला फोन करायचो. तू म्हणायचीस, आंबट ताक पाण्यात मिसळून फवार. मी तसं कळवायचो आणि ठिपके जायचे. मधे तू म्हणालीस ना, "भागवत, तुला एवढे ठिपके कुठून रं दिसत्यात?" ते सगळे सहादेवरावांचे. चार महिन्यांत लोक मला 'गुलाबगुरुजी' म्हणू लागले. मग गेल्या आठवड्यात ग्रुप चालवणाऱ्या ज्ञानेश्वरीबाईंनी जाहीर केलं, की सगळ्यांनी एकदा समोरासमोर भेटायचं, आणि तेही गुरुजींच्या बागेत.

त्या दिवशी दुपारी पिठलं-भाकरी खाऊन आडवा झालो आणि मला एक स्वप्न पडलं. पुलाजवळ टेम्पो थांबला आणि त्यातून ग्रुप उतरला. मी यांना फोटोंतच पाहिलेलं, म्हणून सगळे फोटोंसारखेच आलेले. पुष्पावतीबाईंनी ग्रुपात नावापुढं स्वतःच्या जागी नातवाचा फोटो लावलाय, तर त्या तीन वर्षांच्या होऊन, फेटा बांधून आल्या आणि बोबडं न बोलता शेणखताबद्दल बोलू लागल्या. सहादेवराव कमरेपर्यंतच होते, कारण फोटो तेवढाच आहे. एकाने फोटोच लावला नव्हता, तो नुसता राखाडी गोल होऊन आला. त्याला चहा द्यायचा कुठं, हे रंगूला कळेना. ज्ञानेश्वरीबाई ग्रुपातही विषयाबाहेरचं काही ठेवत नाहीत. त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि आमच्या घरातलं जे जे बागेचं नाही ते पुसायला घेतलं. आधी कपाट गेलं, मग पंखा, मग रंगू हातातल्या ट्रेसकट. (जाताना तिनं माझ्याकडं पाहिलं ते अजून विसरलो नाही.) शेवटी त्या परसाच्या दाराशी आल्या. मी आडवा उभा राहिलो. त्यांनी मलाही पुसलं आणि दार उघडलं. आत तू उभी होतीस, हातात झारी, आणि रागवली नव्हतीस. एवढंच म्हणालीस, "आरं, मला इचारलं असतंस तर मीच दिले असते की."

जागा झालो तो घामाने भिजून. रंगू तांदूळ निवडत होती, अख्खी होती. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सपनात कशाला घाबरता? खरंच येनार हायेत ती. आत्ताच लिहून मोकळं व्हा."

चष्मा पुसून लिहायला बसलो. 'ती बाग माझी नाही. राजूरला माझी थोरली बहीण मालन आहे, तिची आहे. सगळी उत्तरंही तिचीच, मी नुसता फोन करून विचारायचो.' पाठवलं आणि मोबाईल डाळीच्या डब्यात ठेवला. तासाभरानं रंगूनंच काढून वाचून दाखवला. निम्म्या लोकांनी न वाचताच 'खूप छान' म्हटलं होतं. पण सहादेवरावांनी लिहिलं होतं, 'बाग कुणाचीही असो, माझी झाडं वाचली. फोन करायचे कष्ट तुम्हीच घेतले ना गुरुजी.' आक्का, ते वाचून मी जरा वेळ परसात जाऊन उभा राहिलो. कढीपत्त्याला पाणी घातलं.

तर अशी तुझी फुलं मी चार महिने मिरवली. रागव, पण थोडी रागव. दाजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
भागवत

ता. क. ती मंडळी आता कोल्हारला येत नाहीत. येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या रविवारी राजूरला तुझ्याकडं येतात. सतरा जण आहेत. जेवणाचं ते आपापलं आणणार आहेत, तू फक्त घरी राहा.

ता. क. २. कबुली दिली त्यात शेवटी एक ओळ सहज लिहून गेलो, की गुलाबाचं कलम करायला मात्र आक्काला मीच शिकवलं. तेवढं सांभाळून घे.

ता. क. ३. त्यांना मी ते कलम करताना बघायचंय. मी शनिवारीच मुक्कामाला येतो. चाकू कुठून धरायचा, तिथपासून शिकव.