शेजारणीकडे बघून चालणाऱ्या मेंढ्या

सौ. सायराकान यांस, डोंगरावरून कालमुर्झाचा (म्हणजे तुझ्याच म्हाताऱ्याचा) अदबीने सलाम. गुडघे कसे आहेत? बुरुल आणि तिचं बाळ बरं ना? बुरुल म्हणते, आईला आता बिश्केकलाच ठेवून घेते, असं ऐकलं. थट्टा असेल. इकडे जायलूवर, आपल्या उन्हाळी कुरणावर, गवत झकास आहे. घोडीच्या दुधाचं कुमीस फारच आंबट होतं (तू घुसळायचीस तेव्हा होत नसे, पण ते असो).

तू लेकीच्या बाळंतपणाला गेलीस आणि पाठोपाठ विद्यापीठाची माणसं आली. त्यांनी मेंढ्यांना बोलके पट्टे बांधले. पट्टे एकमेकांशी बोलतात आणि मेंढी शेजारणींपासून भरकटली की तिच्या कानाशी किरकिरतात. पुढारी नको, मेंढपाळ नको, शेजारणीकडे बघून चालायचं. (आपलं गाव दुसरं काय करतं?) कळपापुढे चालणारा आपला बोकड, सेरके, त्यांनी आकडे बिघडवतो म्हणून बांधून ठेवला. मग काय, अख्खा कळप तंबूभोवती गोल फिरत बसला. सगळ्यांचं एकमत होतं, फक्त जायचं कुठे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. नुरझात नावाची त्यांची इंजिनियर पोरगी डोकं धरून बसली. शेवटी माझं ऐकून तिने म्होरक्याचा वेगळा पट्टा सेरकेच्या गळ्यात घातला. तो पट्टा जाईल तिकडे बाकीच्यांनी जायचं.

तेव्हापासून नवं संकट. संध्याकाळ झाली की कळप कुरण सोडून उतरतो आणि तू जिथून गाडीत बसलीस त्या रस्त्यावर जाऊन उभा राहतो. ट्रकवाले शिव्या घालतात. नुरझात आपल्या तंबूत बसून संगणकाच्या पडद्यावर पट्ट्यांचे ठिपके बघते. तिने विचारलं, "काका, हा बोकड तिथे कोणाची वाट बघतो?"

मी म्हटलं, "सायराकानच्या हातच्या पावाची सवय आहे त्याला. जनावर आहे, झुरतं."

तिने ते लिहूनही घेतलं. तेव्हा केवळ त्या मुक्या जिवासाठी, बर्फ पडून कळप खाली न्यायच्या आत येऊन जा. मला काही घाई नाही.

तुझा,
कालमुर्झा

ता. क. बुरुलला सांग, बाळ सांभाळायला शहरात बाया मिळतात.

आणखी एक. सेरके तंबूमागे मजेत चरतो आहे. तुझी आठवण काढल्याचं मला तरी दिसलं नाही. पट्टा त्याने पहिल्याच दिवशी झाडाला घासून तोडला. तेव्हापासून तो पट्टा माझ्या कोटाच्या खिशात असतो, आणि संध्याकाळी मला तंबूत बसवत नाही.