सतरा तारखेचा पाऊस

रविवार, ९ ऑगस्ट, दुपार

प्रिय ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्याइतका नाही. दुकान ठीक चाललंय. दिवसभर लोकांना चष्मे चढवायचे आणि सगळ्यात खालची ओळ वाचायला लावायची. तू बरा असशील.

हे पत्र सकाळपासून तीनदा सुरू केलं. मध्येच उठून खिडक्या पुसल्या, पुसलेल्या परत पुसल्या. पायाला भिंगरी लागलीय का, असं आईनेही विचारून झालं.

आधी चांगली बातमी. आई तुला घरी बोलावतेय. हो, आईच. बाबा गेल्यापासून दोन वर्षं जी तुझं नाव काढू देत नव्हती, तिने तुझी खोली झाडून घेतलीय.

कारण मी तुझा पाऊस शोधून काढला. त्या सतरा तारखेला बाबा दिवसभर दाराकडे बघत होते, आणि तू नदीपलीकडून फोनवर सांगितलंस की दुपारपासून धो धो कोसळतोय, पुलावर पाणी आलंय, निघताच येत नाही. रात्री ते गेले. तेव्हापासून आईचं एकच पालुपद, त्या दिवशी वाळत घातलेली चादर कडकडीत वाळली होती. मी तुझ्या बाजूने भांडायची. नदीपलीकडे पडतो नि अलीकडे थेंब नसतो, असं होतंच की. पण आई कसली ऐकतेय? म्हटलं, कागदच आणून ठेवते समोर.

हवामान खात्याच्या वेबसाइटवर जिल्ह्याची महिन्याची सरासरी मिळाली. सरासरीत पूल कुठला बुडायला? वेधशाळेत गेले, तर त्यांच्याकडे फक्त विमानतळावरच्या नोंदी, आणि विमानतळ कुठे, आपण कुठे. बाकी हवं असेल तर अर्ज करा म्हणाले. केला. सरकारी काम आणि सहा महिने थांब. शेवटी दुकानात चष्म्याला आलेल्या एक बाई बोलता बोलता म्हणाल्या की पुलापलीकडच्या पाणीपुरवठा केंद्रात त्या रोज पाऊस मोजतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या महिन्याच्या नोंदींची प्रत आणून दिली. सतरा तारखेपुढे चौऱ्याण्णव मिलिमीटर.

आईने कागद लांब धरून वाचला, मग जवळ धरून. त्याची नीट घडी घातली. मग म्हणाली, "म्हणजे पोराला मी उगाच छळलं." आणि रडली. मीही रडले, आणि त्या रात्री किती दिवसांनी शांत झोपले.

पत्र इथेच संपवता आलं असतं.

परवा त्या बाईंचा चष्मा तयार झाला. आभार मानायचे होते, म्हणून सकाळी मीच केंद्रावर घेऊन गेले. आदल्या संध्याकाळी सडकून पाऊस झाला होता. अंगणातल्या पर्जन्यमापकातलं पाणी त्यांनी माझ्यादेखत मोजलं आणि पुढे त्या दिवसाची तारीख घातली. मी हसून म्हटलं, पाऊस कालचा आणि तारीख आजची?

"सकाळी आठला मोजतो ना, ताई. गेल्या चोवीस तासांत पडला तो आजच्या नावावर. खाली लिहिलेलं असतं तसं."

खाली लिहिलेलं होतं. जगाला खालची ओळ वाचायला लावणाऱ्या मी ती वाचली नव्हती.

म्हणजे सतराचा पाऊस अठराच्या नावावर असायला हवा. मी अठराची नोंद पाहिली. शून्य. ते चौऱ्याण्णव मिलिमीटर सतराच्या सकाळी आठच्या आतच पडून गेले होते. तरी मी विचारलं, पण पुलावर पाणी असेल ना त्या दिवशी? त्या म्हणाल्या, पहाटे असेल तर असेल, पण नोंद आठची आहे. पाणी उतरलं नसतं तर त्या अलीकडून तिकडे मोजायला पोचल्याच नसत्या.

तेव्हापासून चैन नाही. तुझा राग आला, ठोंब्या, फार आला. मग वाटलं, बाबांना तशा अवस्थेत बघणं तुला झेपलं नसतं. मांजर गेलं तेव्हा तू पलंगाखाली जाऊन बसला होतास. पण हे आपलं माझं. खरं काय ते तुलाच ठाऊक.

आईला मी सांगितलेलं नाही. ती स्वयंपाकघरात काहीतरी पुटपुटत असते. काल मला विचारलं, "आईने मुलाची माफी मागितली तर वाईट दिसतं का गं?" मी म्हटलं, भाजी करपतेय.

येत्या रविवारी ये. ती दारातच उभी असेल, तुझी माफी मागायला. तिला तोंड उघडू देऊ नकोस. आधी तू बोल. तू नाही बोललास तर मला बोलावं लागेल, आणि मला ते करायचं नाहीये.

तरीही तुझीच,
ताई