सासूबाईंचं घर, मिलिमीटरमध्ये

१२ जानेवारी
सासूबाईंचं मलेशियातल्या रेंबाऊचं घर पुराच्या पट्ट्यातून सोडवून टेकाडावर उभं करायचं. खांबांवरचं लाकडी घर, एकही खिळा नाही. वाळवी लागलेल्या तुळया नव्या. सगळं आधी कॉम्प्युटरवर बांधणार. कोण? मी. तोवर सासूबाई आमच्या सेरेंबानच्या फ्लॅटवर. ईदला आपल्याच ओसरीत बसणार, असं त्यांनी आजच पाहुण्यांना कळवलंय. संकल्प: फेब्रुवारीतच घर उभं. मार्च म्हणजे फार झालं.

१९ जानेवारी
स्कॅनिंग पूर्ण. खांब एकमेकांपासून ३०६ सेंटिमीटरवर. सगळेच! हा काय आकडा आहे? जुन्या सुताराचा हात चळला असणार. दरवेळी बरोबर सहाच सेंटिमीटर चळला, हे कौतुकास्पद. मी तीनशे केलं. मॉडेल आता नीटनेटकं दिसतंय.

२० जानेवारी
बायको, रोस्मिनी, म्हणाली, अहो, आमच्याकडे घर बाईच्या वावेनं मोजतात, दोन्ही हात पसरून. आईचं लग्न ठरलं तेव्हा तिचीच वाव घेतली होती. तिची नि माझी सारखीच आहे, हवी तर घ्या.
सॉफ्टवेअरमध्ये मीटर आहे, फूट आहे. सासू हा पर्याय नाही. बायकोला हे बोललो नाही. इकडे घर बायकांचं, जावई पाहुणा. पण मॉडेल माझं.

८ फेब्रुवारी
घर सुटं केलं. मी प्रत्येक फळीला स्टिकर लावले. दमट हवेत सगळे गळून पडले. म्हातारे सुतार तोक माहात यांनी कोळशानं खुणा केल्या. मला म्हणाले, फक्त रोस्मिनीच्या वावेएवढा दोर द्या. मी टॅबलेट दाखवला. म्हणाले, झकास आहे, यावर पत्ते खेळता येतात का?
अडाणीपणाला इलाज नाही.

१ मार्च
फेब्रुवारी लहान महिना, हे ध्यानात घ्यायला हवं होतं. नव्या तुळया आल्या. तीनशे म्हणजे तीनशे. उद्यापासून रोजे.

९ मार्च
बसेनात. जुन्या फळ्या प्रत्येक गाळ्यात सहा सेंटिमीटर बाहेर. तोकना म्हटलं, फळ्या कापा. करवत खाली ठेवून म्हणाले, इंजिनियरसाहेब, चप्पल आखूड पडली म्हणून पाय कापता का?
सासूबाई रागावल्या नाहीत. पाहुण्यांना नको म्हणून कळवू का, एवढंच विचारलं, तेही अगदी हळू. ते मात्र लागलं मला.
तरी मॉडेल बरोबरच आहे. घर चुकलंय.

१० मार्च
रोस्मिनी सगळ्यांसमोर हात पसरून उभी राहिली. तोकनी दोर घेतला, जुन्या धड तुळईवर दोनदा टाकला. खाच ते खाच, बरोब्बर. सासूबाईंनी लेकीचे पसरलेले हात तसेच धरून ठेवले.
मी चार्जर आणायला गेलो. डोळ्यात भुसा गेला होता.

२८ मार्च
तोकनी दोराच्या मापानं दुसऱ्या नव्या तुळया घातल्या. घर उभं. मॉडेल ४१२ चुका दाखवतंय. घर ऐकायला तयार नाही.

३१ मार्च, ईद
ओसरी गच्च, मधोमध सासूबाई. माझ्या तीनशेच्या तुळया वाया गेल्या नाहीत: तोकनी त्यांचं परसात कोंबड्यांचं खुराडं बांधलं, हुबेहूब माझ्या मापानं. सासूबाईंनी एकेका पाहुण्याला रेंडांगची, म्हणजे मसालेदार सुक्या मटणाची, ताटली हातात देऊन तिकडे नेलं. हे आमच्या जावयांनी बांधलं, म्हणाल्या. तिघांनी फोटो काढले. शेवटी कदर झाली.
संध्याकाळी कोंबड्या खुराड्यावरून वळसा घालून घराखाली जाऊन झोपल्या.
होईल सवय.