दोन फुलं माझ्या हातची

धार, ४ ऑगस्ट २०२४

ती. अक्कास,
भगवंतचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून कागद घेतला. आपल्या बापूंच्या पेटीत त्यांची झाडांची चित्रं निघाली. मनावर गावच्या शाळेत ड्रॉइंगमास्तर असताना ते वनस्पती गोळा करणाऱ्या साहेबांबरोबर पायी हिंडायचे, तेव्हाची. इथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या अल्पनाताई त्या चित्रांचं पुस्तक करताहेत. निसरपूरच्या घाटावरच्या झुडपाचं चित्र त्यांना खास हवंय. घाट आता धरणाच्या पाण्याखाली गेला, आणि ते झुडूप त्यांना दुसरीकडे कुठे सापडलं नाही.

पण बापूंनी ते अर्धंच सोडलेलं! तीन फुलांत एक रंगवलेलं, दोन नुसत्या पेन्सिलीत. मी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, अर्धी पाटी कुणाच्या हाती दिली नाही. बसलो आणि दोन्ही फुलं पुरी केली. सूनबाई मोना म्हणते, बाबूजी, तुम्ही हात कुठे लावला ते कळतसुद्धा नाही. अल्पनाताईंनाही कळलं नाही, खूश होऊन घेऊन गेल्या.

गुडघ्याला तेल चोळत जा.

तुझा धाकटा,
भगवंत

देवास, ११ ऑगस्ट

चि. भगवंतास अनेक आशीर्वाद.

अरे भल्या माणसा, हे काय करून बसलास? तू आठ वर्षांचा, चिंचा पाडत फिरायचास; त्या घाटावर देठाला ओलं फडकं धरून मी बसले होते. बापू एकच फूल रंगवायचे, बाकीच्यांचा नुसता आकार काढायचे. फूल मलूल झालं की ब्रश खाली. मी एकदा म्हटलं, उरलेली आठवणीनं रंगवा की. तर म्हणाले, समोर नाही ते रंगवलं तर ती आपली हौस झाली, झाड नाही.

चित्र अर्धं नव्हतं, भगवंता. ते तेवढंच होतं.

आता ती बाई तुझी हौस बापूंच्या नावावर छापेल. ते झुडूप बघायला कुणाला मिळणार नाही, हा कागदच काय तो उरलाय. जाऊन सांग. कान धरायला मी तिथे नाही, तूच धर.

शेवया पाठवते आहे. रागावले आहे, तरी पाठवते आहे.

तुझी अक्का

धार, २४ ऑगस्ट

ती. अक्कास,
कान धरलेल्या भगवंतचा सा. न. वि. वि.

पत्र आलं तरी चार दिवस गेलो नाही. कळलं नसताना कशाला सांगायचं, असंही मनात आलं. चौकातले चहावाले भियासुद्धा पुस्तकात माझं नाव येणार म्हणून सगळ्यांना सांगत होते. शेवटी सोमवारी गेलो.

अल्पनाताईंना सगळं सांगितलं. त्यांनी भिंग आणलं. बापूंच्या पाकळ्यांवर केसासारख्या शिरा आहेत. माझ्या दोन्ही फुलांवर एकही नाही. पाटीला शिरा कुठे लागतात! त्यांनी विचारलं, रंग काढता येईल का. मी म्हटलं, खालची पेन्सिलही जाईल. तेव्हा चित्राखाली छापायचं ठरलं : डावीकडचं फूल झाडावरून, उरलेली दोन चित्रकाराच्या मुलाने मागाहून आपल्या मनाने रंगवली. कागदामागे मी तेच लिहून सही केली.

काल परसातली अंबाडी समोर घेऊन बसलो. एक फूल रंगवून होईपर्यंत ऊन सरकलं आणि पाकळ्या मिटू लागल्या. थांबलो. फार जड गेलं. कागद सोबत पाठवतो आहे. भिंतीला लाव, पण रंग भरू नकोस.

शेवया गोड होत्या. राग उरला असेल तर तोही पाठव.

तुझा,
भगवंत