दूध होतंच मला

रहाटणी, मंगळवार, १९५६

बाळ तेरा दिवसांचं झालं. पाजलं की निम्मं दूध त्याच्या नाकातून येतं. सासूबाई बारशाला आलेल्या बायकांनाही सांगत होत्या, "हिला दूधच न्हाई." आणि माझी चोळी दिवसभर ओली.

आज तळेगावच्या नर्सबाई आल्या. बाळाच्या तोंडात बोट फिरवून म्हणाल्या, "आईला दूध भरपूर आहे. बाळाच्या टाळूला भोक आहे, त्याला ओढता येत नाही. दूध पिळून काढा, बाळाला उभं धरून चमच्यानं पाजा."

तसं पाजलं. पहिल्यांदाच पोटभर पिऊन झोपलं.

वाटलं, आता तरी सासूबाई गप्प बसतील. म्हणाल्या, "ते भोक हिच्या माहेरचं."

हे तिथंच बसले होते. नंतर विचारलं, एक शब्द का नाही बोललात? म्हणाले, "आई हाय ती."

मग मी कोण आहे?