बाबांना समुद्र दाखवला तो रविवार

बाबा, तुम्हाला मी एकदा समुद्र दाखवला होता, त्याबद्दल लिहायचं आहे. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. मी स्वतः नागपुरात निवृत्त होऊन नातवाच्या शाळेच्या बसची वाट पाहत उभा राहणारा म्हातारा झालो, तरी हे लिहायला बसलो की पेन भलतीकडेच जातं. मागच्या खेपेला तीन पानं संत्र्याच्या बागेवरच लिहिली आणि फाडली. म्हणून आज आधीच लिहून टाकतो. त्या रविवारी मी तुम्हाला फसवलं. गंमत म्हणून फसवलं, आणि त्या गमतीपायी पुढे आपल्या गावात एका बाईचा जीव गेला.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं आणि माझा नंबर शेतकी कॉलेजात लागला, तोही थेट कोकणात, समुद्रापासून सायकलीनं अर्ध्या तासावर. तुम्ही विचारलं होतं, "एवढ्या दूर काहून? नागपुरात कालेज नाही काय?" नागपूरच्या यादीत माझं नाव नव्हतं, पण मी सांगितलं की तिथलं कॉलेज जास्त चांगलं आहे. तुम्ही लगेच मानलंत. मी सांगितलेलं तुम्ही नेहमीच लगेच मानायचे, आणि मला त्याचा सराव होत गेला. पत्रात मी लिहायचो की अभ्यासातून डोकं वर काढायला फुरसत नाही. खरं म्हणजे दुपारी तीननंतर आम्ही कोणी कॉलेजात सापडत नसू. सायकली काढायच्या, उतारावर पाय सोडून द्यायचे आणि सुरूच्या बनातून थेट वाळूवर. ओल्या वाळूत क्रिकेट, खडकांतल्या डबक्यात खेकडे धरणं, शहाळी, एकमेकांचे कपडे लपवणं. मेसमधल्या माशाच्या कालवणाला मी दोन महिने हात लावला नाही, आणि तिसऱ्या महिन्यात काटे काढण्यात सगळ्यांच्या पुढे गेलो. ऊनसुद्धा आपल्याकडच्यासारखं अंगावर धावून येत नाही तिथं. ते गोड लागतं, पाण्यावर चकाकतं आणि माणूस बेसावध होतो. मी इतका सुखात आयुष्यात पुन्हा कधी नव्हतो. अजूनही ते दिवस आठवले की आधी बरंच वाटतं, आणि त्या बरं वाटण्याचीच मग भीती वाटू लागते.

खोलीत माझ्याबरोबर पुण्याचा एक मुलगा होता. स्वभावानं वाईट नव्हता, पण थट्टेत कुठं थांबायचं ते त्याला कळत नसे, आणि मला त्याच्यासमोर कमी पडायचं नसे. त्याचे वडील साहेब, मामा परदेशात, मनगटावर मामानं आणलेलं घड्याळ. माझ्याकडे सांगण्यासारखं काय होतं? तुम्ही होता. दुसऱ्याच्या बागेत राबणारे, पण आजूबाजूच्या पाच गावांत विहिरीत काही पडलं की मोटारसायकल पाठवून ज्यांना बोलावून नेत, असे तुम्ही. मी त्याला रंगवून रंगवून सांगायचो. बाबा पायरीवर बसतात, तेलात भिजवलेला कापूस कानात घालतात, काय पडलं आणि कुठून पडलं एवढंच विचारतात आणि खाली जातात. बादली असो, कळशी असो, पंपाचा फूटव्हॉल्व्ह असो, की आणखी काही, जे सांगताना बायका तोंडाला पदर लावतात, ते घेऊनच वर येतात. रिकाम्या हातानं वर यायचं नाही, हा तुमचा नेम मी त्याला फुशारकीनं सांगितला होता. मला तुम्ही पोहायला शिकवलंत, पण तळ गाठणं मला कधी जमलं नाही, हे मात्र सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत तुम्ही आलात. एसटी, मग रेल्वे, मग पुन्हा एसटी, असे दोन दिवस बसून, मृग बहाराच्या संत्र्यांचं पोतं मांडीशी धरून. सगळ्या मजल्यावर संत्री वाटली गेली, पुणेकर तुम्हाला काका काका करत होता, आणि मला तुमच्या गुडघ्यापर्यंतच्या धोतराची लाज वाटत होती आणि तुमचा अभिमानही वाटत होता. रविवारी आम्ही तुम्हाला किनाऱ्यावर नेलं. तुम्ही चपला हातात घेऊन उभे आहात. पाण्याकडे नाही, पाण्याच्या पलीकडे पाहताय, जिथं समोरचा काठ असायला हवा.

"याचा तळ किती परसावर असन?" तुम्ही विचारता, विहिरीची खोली पुरुषाच्या उंचीत मोजायच्या सवयीनं.

"कुणी मोजलाय, काका?" पुणेकर हसतो.

"मंग पडलेलं कोण काढते?"

"इथं पडलं ते गेलं."

"जाईन कुठी?" तुम्ही अगदी शांतपणे म्हणता. "तळालेच असन."

बस, एवढ्यावरून त्याच्या डोक्यात आलं. आम्ही दोघं पोहून आलो, आणि कपडे घालताना तो एकदम मनगट चाचपायला लागला. घड्याळ पडलं, काका, मामाचं घड्याळ. मी पाहिलं होतं, बाबा. पाण्यात जायच्या आधी त्यानं घड्याळ काढून पँटच्या खिशात ठेवताना मी पाहिलं होतं. त्यानं मला डोळा मारला. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे वळलात.

"तू पाह्यलं काय पडतानी?"

"हो," मी म्हणालो, "त्या काळ्या खडकापाशी."

"तू पाह्यलं ना, मंग हायच थे."

मला वाटलं, दोन बुड्या मारतील, त्यालाही कळेल माझा बाप काय चीज आहे, मग हसून सांगून टाकू. तुम्ही कानात घालायला कापूस मागितलात, तो नव्हता. छातीला पाणी लावलंत, ओंजळभर कपाळाला लावलंत आणि खडकाशी उतरलात. पहिल्या बुडीनंतर वर आलात ते डोळे चोळत. "खारं हाय. डोये उघडता येत नाही." दुसरी बुडी, तिसरी बुडी. विहिरीत तुम्ही वर यायचे ते जिथून गेलात तिथंच. इथं दर खेपेला तुमचं डोकं चार हात पुढे निघत होतं. मी ओरडलो, "राहू द्या, बाबा." तुम्ही म्हणालात, "राहू कसं देऊ? दोस्ताचं हाय." आणि पुन्हा आत. सहावी की सातवी बुडी असेल. डोकं वर आलं ते खडकाच्या पार पलीकडे, इतकं लहान की पुणेकराचं हसणं तोंडातच राहिलं. ऊन तसंच लख्ख, पाणी तसंच चकाकणारं, कुठं लाट नाही की आवाज नाही. नुसतं मागे जाणारं पाणी, आणि त्यात तुम्ही. जाळं विणत बसलेला एक कोळी उठून उभा राहिला. "ओहोटी लागलीय, म्हातारा भायेर चाललाय," असं म्हणत तो होडीकडे पळाला, आम्ही नाही पळालो. 

त्यानं तुम्हाला आणून वाळूवर ठेवलं तेव्हा तुमचे ओठ काळेनिळे पडले होते आणि कालवांच्या शिंपांनी दोन्ही तळवे फाटले होते. उजवी मूठ मात्र घट्ट होती. खोकला थांबल्यावर तुम्ही ती पुणेकरापुढे उघडलीत. वाळू होती, आणि एक फुटका शिंपला. "एवढंच गावलं, बापू," तुम्ही म्हणालात. पुणेकर मान खाली घालून उभा राहिला. तेव्हा सांगायला हवं होतं. पण तुमच्या हातातून रक्त येत असताना, ही थट्टा होती, असं कोणत्या तोंडानं सांगायचं? दुसऱ्या दिवशी तुम्ही एसटीत बसलात. खिडकीतून म्हणालात, "तुह्या दोस्ताले सांगजो, म्या पाह्यलं, पण नाही गावलं."

मग कार्डं यायला लागली. चौथीपर्यंत शिकलेल्या हातानं पेन्सिलीनं लिहिलेली, चार ओळींची. इकडे सर्व ठीक आहे, आईची तब्येत बरी आहे, बागेला पाणी कमी आहे, आणि शेवटी, दोस्ताचं घड्याळ गावलं का? तिसऱ्या कार्डानंतर माझा धीर सुटला. मी लिहिलं, हो, त्याच कोळ्याला ओहोटीत सापडलं, तिथंच, काळ्या खडकाच्या फटीत. एकदाचा विषय मिटावा, तुमच्या मनावरचं ओझं उतरावं, म्हणून लिहिलं. पेटीत कार्ड टाकून आलो आणि त्या रात्री छान झोपलो. तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाहीत.

उन्हाळ्यात घरी आलो. आई चुलीशी बसून माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुहे बाबा आता पाण्यात उतरत नाही. लोकं गाडी घेऊन येते, हे म्हणते दुसरा पाहा. तुहं पत्र आलं तवापासून. काय लिवलं होतं गा असं?" मी म्हणालो, काही नाही, ते घड्याळ सापडल्याचं. तिनं लाकूड चुलीत पुढे सारलं. मग म्हणाली, "मले म्हणत होते, थे तिथंच होतं, अन् माह्या हाताले लागलं नाही." तेव्हा मला कळलं मी काय करून बसलो ते. घड्याळ हरवलं असतं, तर समुद्राची करणी म्हणून तुम्ही कधीतरी विसरला असता. मी ते दुसऱ्याच्या हाती लावून दिलं. तीस वर्षं ज्या हातांवर पाच गावांनी भरवसा ठेवला, त्या हातांवरचा तुमचाच भरवसा मी एका कार्डात उडवला. त्या संध्याकाळी मी तुमच्याशेजारी खाटेवर बसलो, दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा पावसापाण्याचं बोललो. वाटलं, सुट्टी मोठी आहे, सांगू.

आठ दिवसांनी, भर दुपारी, शेजारच्या बागेत कामाला येणारी एक बाई पाणी घेताना विहिरीच्या पायरीवरून आत घसरली. मे महिना, पाणी खोल गेलेलं. आरडाओरडा झाला, तुम्ही आणि मी सगळ्यांत जवळ होतो. तुम्ही धावलात. माझ्याआधी पोचलात. पायरीवर बसलात, नेहमीसारखे, आणि तसेच बसून राहिलात, अंगात बंडी, दोन्ही हात मांडीवर उपडे. वरून माणसं ओरडतायत, उतरा ना, काहून बसून राहिले? पाण्यावर बुडबुडे येत होते. तुम्ही मान वळवून माझ्याकडे पाहिलंत आणि हळू आवाजात म्हणालात, "मले नाही गावायची आता."

पाण्यात घड्याळ नव्हतंच, बाबा. एवढंच बोलायचं होतं मला. बुडबुडे अजून येत होते, वेळ होता, आणि तुम्ही उतरला असता हे मला आजही पक्कं ठाऊक आहे. मी गप्प राहिलो. काठावर सात-आठ माणसं होती, सगळी गावातली, मला कालेजात शिकणारा म्हणून मान देणारी, आणि ती ऐकतील याची मला लाज वाटली. लोक धावत जाऊन गळ घेऊन आले. दिवस कलला तेव्हा बाई वर आली. तिचा नवरा तुम्हाला काहीच बोलला नाही, आणि नंतरही कोणी बोललं नाही, फक्त मोटारसायकली यायच्या थांबल्या. पुढे दहा-अकरा वर्षं तुम्ही ते सोसत माझ्यासमोर वावरलात. विहिरीकडची वाट सोडून लांबच्या बांधानं बागेत जायचे. मी नोकरीला लागलो, दर दिवाळीला येत राहिलो, आणि दर दिवाळीला पावसापाण्याचं बोलत राहिलो.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, आणि त्यात मोठेपणा काही नाही. तुम्ही वाचणार नाही याची खात्री आहे, म्हणूनच आज इतकं लिहून झालं. तुम्ही समोर खाटेवर बसला असता, तर मी अजूनही सांगितलं नसतं.